मावशी आणि कायझर्सलाउटर्नची

पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हणाले आणि माझी हजेरी घेतली गेली. "काकू म्हणायचं नाही. काका कुठं दिसतायत का तुला? मावशी म्हण. मावशी व्हायला कुणाशी लग्न करावं लागत नाही." सुटकेस अजून माझ्या हातात होती, बूट पायात होते आणि जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली ही खोली मला मिळणार की नाही हेसुद्धा ठरलं नव्हतं. मग त्यांनी मला आत घेतलं आणि बस म्हणाल्या. मी सोफ्यावर टेकणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला. सोफ्यावर सोलापुरी चादर पांघरून कुणीतरी झोपलं होतं.

"हायडेलबर्गची आहे," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "कालच आणली. प्रवासानं मान वाकलीय तिची."

चादर बाजूला झाली आणि आतून निघाली गिटार. म्हणजे मला तरी ती गिटारच वाटली. लांब मानेची, चार जाड तारांची, इलेक्ट्रिक बेस गिटार. मी ठाण्याहून आलेली मेकॅनिकल इंजिनीअर, विद्यापीठात पीएचडीला लागलेली, खोल्या बघून बघून रडकुंडीला आलेली. त्या घडीला सोफ्यावर मगर असती तरी मी घर छान आहे म्हटलं असतं. मी तसंच म्हटलं आणि राहिले. पुढे पीएचडी लांबत गेली तशी मीही लांबत गेले.

मावशींच्या घरात पाच-सहा बेस होते. सगळे जुने, सगळे स्वस्तातले, आणि सगळ्यांना त्या 'ती' म्हणायच्या. नावं नव्हती. सून जिथून आणली त्या गावावरून तिला ओळखावं तशी ही हायडेलबर्गची, ती मानहाइमची, पलंगाखाली आडवी असायची ती माइन्झची. मानहाइमची सोशिक, कशीही वाजवा, कुरकुर नाही. माइन्झची दिसायला देखणी पण अंगात काही नाही. आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असायची ती कायझर्सलाउटर्नची. ती तोंडाळ. कुठलीही तार छेडा, सुराबरोबर एक बारीक झणझण बाहेर यायचीच. रंग जुन्या फ्रिजसारखा पिवळट पांढरा, कोपऱ्यावर टवका उडालेला, खुंट्या अशा ढिल्या की सूर लावून चहा घ्यायला जावं तर परत येईपर्यंत उतरलेला. मावशींचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर.

त्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, निवृत्तीला आलेल्या. कामावर अगदी शिस्तीच्या, जर्मन लोकांनी वचकून राहावं अशा. पण सकाळचा चहा घेऊन जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला बसल्या की वेगळ्याच व्हायच्या. आपल्याकडे वडीलधारी माणसं पेपरातल्या निधनवार्ता वाचतात ना, तशा त्या बेसच्या जाहिराती वाचायच्या. मनापासून हळहळत. "बघ की, परत एक पोरगं वाजवायचं थांबलं." त्यांचं म्हणणं असं की जर्मनीत बेसची हौस ख्रिसमसला येते आणि वसंतात फिटते. आईबाप वाद्य घेऊन देतात, चार मित्र मिळून बँड काढतात, बँड मोडतो, बेस पलंगाखाली जातो. मग मावशी महिन्याच्या पासावर रिजनल गाडीनं निघायच्या, खांद्याला सोलापुरी चादरीची शिवलेली लांब पिशवी. विकणाऱ्याच्या घरी जाऊन वाद्य बघायच्या आधी त्याला विचारायच्या, का सोडतोस. मुलगी बघायला गेलेल्या पाहुण्यांसारख्या बसून कॉफी घ्यायच्या. एकदा एका मुलाला त्यांनी इतकं समजावलं की त्यानं बेस विकलाच नाही, आणि या रिकामी पिशवी घेऊन खुशीत घरी आल्या.

स्वस्तच का, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मी त्या स्वभावाची. टोस्टर घ्यायचा तरी आठवडाभर तुलना करणार. मावशींनी बोटांवर मोजून दाखवलं. एक फळी, चार तारा, दोन चुंबकं, एक-दोन बटणं. ह्यात महाग काय होणार? व्हायोलिनसारखं पोकळ पोट नाही, पियानोसारखी हजार अवयवांची भानगड नाही. हल्ली कारखान्यातून बरी लाकडं येतात, बाकीचं आपण करायचं. आणि मग खरं कारण. "महागाला कानस लावायला हात धजतो का गं? वाद्याला हात लावायला भ्यायला लागलं की संपलं."

ह्या कानस प्रकरणाचा त्रास स्वयंपाकघराला व्हायचा. एकदा मी लॅबमधून भुकेली आले, गॅसवर मोठं पातेलं उकळत होतं. नूडल्स असतील म्हणून झाकण काढलं तर आत तारा. जुन्या बेसच्या तारा मळून ठस झाल्या की मावशी त्या उकळून काढायच्या. मळ सुटतो आणि तार पुन्हा नव्यासारखी बोलते. मी म्हटलं, मावशी, ह्याच पातेल्यात काल वरण होतं. त्या म्हणाल्या, "तारा लावल्या तेव्हा वरण काढून ठेवलं होतं." मी ब्रेड खाल्ला.

रविवार मात्र मला आवडायचे. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, फार काय, जोरात हसायचंही नाही असं मला सुरुवातीला वाटायचं. त्सिमरलाउटश्टेर्के हा शब्द मला मावशींनी शिकवला. खोलीपुरता आवाज. आपला आवाज आपल्या खोलीबाहेर जाता कामा नये, हा इकडचा कायदाच समजा. इलेक्ट्रिक बेस वायर न जोडता वाजवला तर आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही, वाजवणाऱ्यालासुद्धा जेमतेम ऐकू येतो. मग मावशी काय करायच्या, तर बेसच्या वरच्या बाजूला जे शिंगासारखं टोक असतं त्यावर हनुवटी टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसायच्या. बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना डुलकी लागली आहे. एका रविवारी त्यांनी मलाही बसवलं. हनुवटी टेकवून तार छेडली आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. आवाज कानातून येतच नाही. जबड्यातून, दातांतून आत उतरतो आणि मग बाहेर सगळं शांत असताना आपल्या डोक्यात देऊळ भरून जावं तसा भरतो.

माझी पीएचडी कंपनांवर होती. यंत्राचा हादरा माणसापर्यंत पोचू नये म्हणून काय करता येईल, एवढंच मी कैक वर्षं करत होते. हे सांगितलं तेव्हा मावशी खूप हसल्या. "आल्झो, म्हणजे तू मारणार आणि मी जगवणार. एका घरात बरं जमलं की."

मंगळवारी त्या आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये एका निवृत्त लोकांच्या बँडमध्ये वाजवायच्या. सगळे जर्मन, सगळे सत्तरीच्या आसपासचे, नाचाची जुनी गाणी. मावशी खुर्ची मागे ओढून बसायच्या आणि अख्ख्या गाण्यात तीन-चार सुरांच्या वर जायच्या नाहीत. त्यांच्या साठीला त्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना एक खरोखरीचा उंची बेस भेट दिला. गडद तांबड्या लाकडाचा, आरशासारखा. मावशींचे डोळे भरून आले, सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि घरी आणून तो बेस त्यांनी एक संध्याकाळ वाजवला. मी बघत होते. नव्या सोफ्याचं प्लास्टिक न काढलेल्या घरी आपण कसे अवघडून बसतो, तशा त्या बसल्या होत्या. ओरखडा पडेल म्हणून बांगडी काढून ठेवली होती. मग त्यांनी तो पेटीत ठेवला आणि पुढच्या मंगळवारी त्या म्हाताऱ्यांना सरळ सांगितलं, हे वाद्य चर्चच्या मुलांना देऊ या, माझं प्रेम तुमच्यावर आहे, त्याच्यावर बसत नाही. जर्मन माणसाला स्पष्ट बोललेलं कळतं. कुणी रागावलं नाही.

कायझर्सलाउटर्नचीची झणझण घालवून देतो असं वाद्यांच्या दुकानातला कारागीर आपणहून म्हणाला होता. आम्ही तारा घ्यायला गेलो होतो. त्यानं वाजवून बघितली, कपाळाला आठ्या घातल्या, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला. मावशींनी ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. नको, दुरुस्त करू नका. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी मला सांगितलं. मावशी मूळच्या मिरजेच्या, तंबोरे जिथे बनतात त्या गल्लीशेजारी वाढलेल्या. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते तिथे सुताचा दोरा सरकवतात. तो नेमका बसला की तार घोडीला हलकेच घासत वाजते आणि सुराला ती झणझण येते. तिला जवारी म्हणतात. ती नसेल तर तंबोरा मुका. "तो ज्याला दोष म्हणतोय ना, तो आमच्याकडं कारागिराच्या हातापाया पडून मागून घ्यायचा."

आणि मग, ट्राममध्येच, अक्का. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. घरात गळा एकीलाच होता, अक्काला. मावशींचा आवाज गुरुजींनी एकदाच ऐकला आणि त्यांच्या हातात तंबोरा दिला. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून त्या अक्काच्या मागे बसल्या. रोज पहाटे, आणि गावातल्या बैठकींना. त्यात त्यांना कमीपणा कधी वाटला नाही. अक्काचं मात्र एक होतं. सूर एवढासा जरी उतरला तरी ती गाता गाता डावा हात पाठीमागे न्यायची आणि चुटकी वाजवायची. समोरच्यांना दिसायचं नाही. मागे मावशींना घाम फुटायचा. लग्नाघरी असो, देवळात असो, समोर कुणीही बसलेलं असो, उतरलेली तार अक्कानं कधी म्हणजे कधी सोडली नाही.

मग मावशींना जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली आणि त्याच सुमारास अक्काला गावच्या मोठ्या संगीतसभेत पहिल्यांदा गायला बोलावलं. तारखा एकमेकींवर आल्या. अक्का म्हणाली, माझं गाणं होईपर्यंत थांब. मावशी थांबल्या नाहीत. विद्यापीठाचं सत्र सुरू होत होतं, आणि खरं म्हणजे थांबलो तर राहूनच जाऊ अशी भीती त्यांना वाटली. अक्का त्यावर एक शब्द बोलली नाही. भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन, गुडघे, आंबे, कुणाची लग्नं. फक्त त्या दिवसापासून अक्का मावशींच्या देखत गायली नाही. मिरजेला गेल्या की तंबोरा कापडी गवसणीत, भिंतीकडे तोंड करून. फोन लावला आणि पलीकडे रियाज चालू असला तर आधी गाणं थांबायचं आणि मग हॅलो यायचं.

"मी घरात असले की गवसणी उतरत नाही बघ," मावशी म्हणाल्या. "आता ती सत्तरीच्या पुढं गेली. दम पुरत नाही म्हणते. एकदा तिच्या मागं बसायचंय मला. बास. दुसरं काही मागणं नाही."

मिरजेहून आणलेला स्वतःचा तंबोरा इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेला होता. हीटिंगच्या कोरड्या हवेनं भोपळा तडकला. त्यानंतर जुन्या बाजारात त्यांना एक मोडका बेस दिसला, आणि चार तारा बघून त्यांनी तो उचलला. एवढीच सुरुवात. मला आपलं वाटत होतं, बाई हौशी आहे.

त्या वर्षी जूनमध्ये अक्का पहिल्यांदाच जर्मनीला येणार असं ठरलं आणि घरात कारखाना सुरू झाला. मावशींनी कायझर्सलाउटर्नचीच्या तारा उतरवल्या. तंबोऱ्याच्या मधल्या जोडाला दोन सारख्या तारा लागतात म्हणून दोन बारीक एकसारख्या घेतल्या, पंचमाला एक, आणि खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराला, एक जाड तार सैल करून. सकाळी ब्रेड ठेवायची आमची बीच लाकडाची पाटी होती, तिचा एक तुकडा कापून त्यांनी कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासत त्याची चपटी घोडी केली आणि बेसच्या लोखंडी घोडीपुढे बसवली. मग दोरे. शिवणाचा, रेशमाचा, शेवटी माझ्या दात साफ करायच्या दोऱ्याचा. तार लावायची, हनुवटी टेकवायची, मान हलवायची, पुन्हा कानस. मीही माझ्या लॅबचं कंपन मोजायचं यंत्र आणून लावलं. आकृती बघून त्या म्हणाल्या छान आहे गं, आणि पुन्हा हनुवटी टेकवली. एका रविवारी दुपारी तो आवाज सापडला. खोलीपुरताच, पण काय सांगू, एका तारेतून चार-पाच सूर धुरासारखे वर येत होते. मावशी बराच वेळ थांबल्याच नाहीत.

अक्का आल्या. बारीक, ताठ, नऊवारी नाही की काही नाही, चक्क पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज. मला अगदी पहिल्या तासात जिंकलं त्यांनी. बेस दाखवला तेव्हा त्यांनी तो मागून पुढून नीट पाहिला आणि विचारलं, "ह्याला भोपळा कुठंय?"

"विजेवर चालतो, अक्का."

"बरंय," अक्का म्हणाल्या आणि विषय मेथीवर गेला.

मावशींनी मुद्दाम काही मागायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी इथल्या मराठी मंडळातली ओळखीची कुटुंबं डबे घेऊन आली, आणि व्हायचं तेच झालं. अक्का गातात म्हटल्यावर सगळे मागे लागले. तंबोऱ्याचं ॲप आहे की माझ्याकडे, असं म्हणून एकानं फोन पुढे केला. अक्कांनी तो आदबीनं बाजूला ठेवला. घसा बरा नाही म्हणाल्या. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कायझर्सलाउटर्नची त्यांच्या मागेच. त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. पाहुणे गेल्यावर भांडी घासताना त्या नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या, आणि ते ऐकायला मला नको वाटत होतं.

अक्का परत जायच्या दोन-तीन दिवस आधीची सकाळ. अक्का टेबलाशी मेथी निवडत होत्या. मावशी स्टुलावर बसल्या, छोटा स्पीकर अगदी बारीक लावला आणि रोजच्यासारखा सूर धरला. बघा वगैरे काही नाही. मी चहा गाळत होते. थोड्या वेळानं अक्का मान वर न करता म्हणाल्या, "खर्ज उतरलाय."

मावशींनी खुंटी पिळली.

"अजून."

पुन्हा पिळली. अक्कांनी ऐकलं, मेथीची जुडी बाजूला ठेवली. "जवारी पंचमाची जरा उघड." मावशींनी दोरा केसभर सरकवला. आणि तो चार तारांचा आवाज असा एकजीव झाला की माझा हात गाळणीवरच राहिला. आता गातील, आत्ता गातील असं मला वाटत होतं. मावशींनाही वाटलं असणार, कारण त्या मध्येच बोलून गेल्या. "अक्का, मी तेव्हा थांबायला हवं होतं."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मागं तंबोऱ्याला दोन पोरी दिल्या होत्या मला त्या सभेत. सुरात होत्या. पण मला सारखं मागं वळून बघावंसं वाटत होतं." एवढं बोलून त्यांनी मेथी पुन्हा पुढे ओढली. "चल, धुऊन घे ही. उन्हाळ्याची लगेच सुकते."

झालं. मला इतका राग आला अक्कांचा, की मी चहा त्यांच्यासमोर जरा आदळलाच. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले, लोणच्याची बरणी हातसामानात ठेवू नकोस यावर वाद झाला, आणि अक्का गेल्या. ट्रेनमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मी काहीतरी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "खर्ज उतरलाय म्हणाली ना. इतक्या वर्षांनी म्हणाली. हेही नसे थोडके." घरी येऊन त्यांनी कायझर्सलाउटर्नचीच्या तारा सैल केल्या आणि तिच्यावर चादर घातली.

पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी पोहे करत होते आणि लॅपटॉपवर अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. अशा वेळी त्या कधी करत नसत. कानात नातवाचे हेडफोन, मागे मिरजेच्या घराची खिडकी, आणि खिडकीशी तंबोऱ्याची रिकामी गवसणी. तंबोरा कुठे दिसत नव्हता. मग म्हणाल्या, तो कारागिराकडे दिला आहे, घोडी बदलायला. गुडघे, आंबे, काही नाही. "ती तुझी विजेची आहे का जवळ? लाव की."

मावशींनी चादर काढली. तारा चढवल्या, दोरे बसवले, स्पीकर लॅपटॉपजवळ सरकवला, आणि सुरू केलं. खोली भरली. पलीकडे अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. बसल्याच होत्या.

"वाजव ना, धाकटे."

"वाजवतीय, अक्का."

"काही येत नाही."

मावशींनी आवाज वाढवला, त्सिमरलाउटश्टेर्केच्या थोडा बाहेरच गेला. पुन्हा छेडलं. अक्कांनी डोळे उघडले. "पहिल्या छेडीला जरा येतं आणि लगेच जातं. राहू दे मग. नशिबात नसेल."

मी गॅस बंद करून धावले. कारण माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, आणि प्रकाश कसला, ते तर माझं रोजचं काम. ही कॉलची ॲप्स सतत एकसारखा येणारा आवाज आला की त्याला गोंगाट समजतात. पंखा असेल, गाडी असेल, कापून टाका. माणूस बोलला तर तेवढं पुढे पाठवा. तंबोऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? बिचाऱ्या ॲपनं इमानेइतबारे मावशींना पुसून टाकलं होतं. मी अक्कांना म्हटलं, फोन ठेवू नका, एक मिनिट. सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट गाळायचं बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कंपन वाचवत होते. "मावशी, वाजवा."

अक्कांचा चेहरा बदलला. "आला," त्या म्हणाल्या.

मी इंजिनीअर, मला राहवेना. मी सांगितलं की अक्का, मध्ये थोडा वेळ जातो हं, इथला आवाज तिथे जरा उशिरा पोचतो. अक्का हसल्या. तबला असता तर पंचाईत होती म्हणाल्या. "तंबोऱ्याला कसला उशीर?"

मग त्यांनी मावशींना म्हटलं, अगदी साध्या आवाजात, मेथी धुऊन घे म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. "तू थांबली असतीस तर मी तुला जन्मभर उठू दिलं नसतं. बरं केलंस, गेलीस ते." मावशींनी हनुवटी शिंगावर टेकवली आणि वाजवत राहिल्या.

अक्कांनी षड्ज लावला. आवाज थकलेला होता, कडेला खरखर होती, दम मध्ये तुटत होता. मला गाण्यातलं कळत नाही. पण मिरजेहून आलेला तो सूर आमच्या स्वयंपाकघरात त्या पिवळट पांढऱ्या फळीच्या झणझणीत मिसळला आणि मी पोह्यांच्या कढईशी उभी राहून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. किती वेळ गायल्या ते मी बघितलं नाही. संपल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या की उद्या लवकर बस, दुपारी मला दवाखान्यात जायचंय. आणि स्क्रीन काळी झाली.

पोहे गार झाले होते. आम्ही ते तसेच खाल्ले. मावशींनी फडक्यानं तारा पुसल्या, एकेक दोरा काढून बशीत ठेवला, आणि बराच वेळ कायझर्सलाउटर्नचीची ती ढिली खुंटी मागेपुढे करत बसल्या.

"शेवटी शेवटी खर्ज चांगलाच उतरला होता गं," त्या म्हणाल्या. "खुंटी सरकली. पण थांबून लावायचं धाडस होईना."

मी म्हटलं, मला तर काहीच कळलं नाही.

"तुला नाही कळणार. अक्काला कळला होता. भुवई हलली तिची." त्यांनी खुंटी हळूच पिळली, तार छेडून बघितली आणि पुन्हा पिळली. "पण चुटकी वाजवली नाही तिनं."